झोपेचं सोंग

निवृत्त होणाऱ्या माणसाला भेट काय द्यावी, याबद्दल आपल्या समाजात अजून एकमत झालेलं नाही. शाल आणि नारळ ठरलेलेच. तिसरी वस्तू म्हणून बहुतेक जण भिंतीवरचं घड्याळ देतात. चौतीस वर्षं घंटेच्या तालावर नाचलेल्या मास्तराचा वेळेशी संबंध ज्या दिवशी सुटतो, नेमकं त्याच दिवशी त्याच्या हातात घड्याळ का ठेवावं, हे मला समजलेलं नाही. मला तीन मिळाली. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात, आणि आमची ही तिन्हींची सरासरी काढून कुकर लावते.

चौथी भेट चिरंजीवांनी दिली. चिरंजीव पुण्याला असतात. दिवाळीला आले ते नागपुरात उतरून, टॅक्सी करून, मांडीवर एक काचेची पेटी घेऊन. पेटीत एक पंप, एक दिवा, पिशवीभर रंगीत खडे, आणि हवा भरून फुगवलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत मासे.

"बाबा, मासे बघत बसलं की ब्लडप्रेशर उतरतं म्हणतात. तुम्हाला विरंगुळा!"

आता आमचं गाव कुठलं, ते आधी सांगतो म्हणजे या भेटीची थोरवी कळेल. आम्ही अर्जुनी मोरगावचे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. दोन्ही तालुक्याची ठिकाणं. दुसरी ती सडक अर्जुनी. त्यांच्याकडे सडक, आमच्याकडे रेल्वे. माझ्या पुतणीला बघायला येणारी मंडळी एकदा त्या अर्जुनीत उतरली आणि तिथल्याच एका मास्तरांकडे पोहे खाऊन, मुलगी पसंत करून परत गेली, असं आमचे बंधू अजून सांगतात. तर मुद्दा असा, की भंडारा-गोंदिया हा सगळा तलावांचा मुलूख. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले, आणि मालगुजारी संपल्यावर सरकारदरबारी 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदले गेलेले. एवढं लांब नाव कोण घेणार? लोकांनी त्याचा 'मामा तलाव' केला. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही दिशेला निघालात तरी वाटेत एक मामा भेटतोच. शिवाय लहानसहान बोड्या आहेत, जवळच नवेगावबांध आहे, इटियाडोह आहे. अशा गावात काचेच्या पेटीतून मासे भेट आणणं म्हणजे लासलगावच्या माणसाला डझनभर कांदे रिबीन बांधून देण्यासारखं आहे.

शिवाय आमच्या घरात मासे आजवर यायचे ते मागच्या दाराने, मावशीच्या टोपलीतून, आणि थेट विळीवर जायचे. पुढच्या दाराने येऊन बैठकीत मुक्काम ठोकणारे हे पहिलेच.

पेटीची स्थापना झाली. गणपतीच्या मखराची जागा तिला मिळाली. पाच मासे होते. चार लहान, लाल-सोनेरी, शाळेच्या मधल्या सुटीसारखे सारखे धावणारे. पाचवा मात्र निराळा. बोटभर लांबीचा, फिकट अंगावर मोठमोठे तपकिरी डाग. पावसाळ्यानंतर भिंतीवर ओल उमटते ना, तसे. तो एका जागी स्थिर राहायचा, तोंड जरा खाली, मुद्रा गंभीर. दुकानदाराने 'शांत स्वभावाचा आहे, झोपाळू आहे' म्हणून दिला म्हणे. हिने त्याचं नाव 'हेडक्लार्क' ठेवलं.

चिरंजीव परत गेले. हेडक्लार्क चांगला मुठीएवढा झाला. आणि एका सकाळी पाहतो तर तळाच्या खड्यांवर तो आडवा पडलेला. एक कूस वर, डोळा उघडा, हालचाल नाही. डागही असे दिसत होते, की प्राण कालच गेला असावा.

मी हिला हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच आली.

"अगंबाई! गेला?"

"गेला."

"काल तर चांगला होता हो. रात्री मी स्वतः खायला घातलं."

ती गप्प उभी राहिली. ज्या बाईने आयुष्यभरात काही क्विंटल मासे राख लावून चिरले असतील, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या वहिनी ओट्यावर आल्या होत्या, त्या आत डोकावल्या. 'आजारी होता का?' असं त्यांनी अगदी रीतसर विचारलं. मी 'नाही, अचानकच' असं उत्तर दिलं. आता चिरंजीवांना कसं कळवायचं, यावर कुजबुज झाली. शेवटी तुळशीजवळ खड्डा करायचं ठरलं आणि मी चहाची गाळणी आणायला स्वयंपाकघरात गेलो.

परत येतो तर एक लाल मासा हळूच खाली उतरत होता. मला वाटलं, मित्राला निरोप द्यायला आला. तो अगदी जवळ गेला, कलेवराला तोंड लावून बघू लागला. आणि त्याच क्षणी कलेवराने नुसतं तोंड वळवलं, एक झटका दिला, आणि लाल मासा नाहीसा झाला. बघता बघता हेडक्लार्क सरळ झाला, दोन घास गिळल्यासारखे कल्ले हलवले, आणि पुन्हा आपल्या गंभीर मुद्रेने टेबलावर, म्हणजे खड्यांवर, रुजू झाला.

शेजारच्या वहिनी भुतं पाहिल्यासारख्या निघून गेल्या. मी गाळणी हातात धरून तसाच उभा.

आमच्या झाडीपट्टीला मरणाचे प्रवेश काही नवीन नाहीत. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या, की आमच्याकडे रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा हे त्या नाटक कंपन्यांचं माहेरघर. नायक छातीत गोळी खाऊन पडतो, वीस मिनिटं मरतो, आणि 'वन्स मोअर' आला तर उठून पुन्हा पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण तो नायक उठून प्रेक्षकांतल्या कुणाला खात नाही. एवढा फरक सोडला तर अभिनय त्याच तोडीचा.

आठवड्याभरात उरलेले तिघेही एकेक करून सांत्वनाला गेले आणि परत आले नाहीत.

चिरंजीवांना फोटो पाठवला. त्यांनी तासाभरात सगळी कुंडली काढून दिली. याचं शास्त्रीय नाव निम्बोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी. कूळ सिक्लिड. मूळ गाव मलावी सरोवर, आफ्रिका. म्हणजे काय, ते मी दोन मिनिटांनी ओळखलं आणि खुर्चीत बसलो. अहो, मलावी म्हणजे आमचं न्यासा! 'व्हिक्टोरिया, टांगानिका, न्यासा' हे मी चौतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. १९६४ साली न्यासालँडचा मलावी झाला, तरी माझ्या तोंडातलं न्यासा गेलं नाही. लांबी सुमारे ५८० किलोमीटर, सर्वात खोल जागी ७०० मीटरच्या आसपास, आणि माशांच्या जाती जगातल्या कुठल्याही सरोवरापेक्षा जास्त. लिव्हिंगस्टनसाहेब तिथे १८५९ साली पोचले. 'या पाण्याचं नाव काय?' तर लोक म्हणाले, 'न्यासा'. न्यासा म्हणजे तिथल्या भाषेत नुसतं सरोवर. साहेबांनी नकाशावर लिहिलं, 'न्यासा सरोवर'. म्हणजे 'सरोवर सरोवर'. हसू नका. नवेगावबांध या नावातच बांध आहे, तरी आपण 'नवेगावबांध तलाव' म्हणतोच.

ज्या सरोवराचे मार्क मी पोरांना कापले, तिथला रहिवासी माझ्या बैठकीत बसला होता, आणि मी त्याला हेडक्लार्क म्हणत होतो!

मलावीतले कोळी या माशाला 'कालिगोनो' म्हणतात. अर्थ, झोपणारा. सरोवराच्या वाळूवर तो कुशीवर पडून राहतो. अंगावरचे डाग सडत चाललेल्या माशासारखे दिसतात. लहान मासे मेलेलं मांस टोचायला जवळ येतात, आणि मेलेला त्यांना खातो. केनेथ मॅके नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्यात उतरून हा सगळा प्रकार पाहिला आणि १९८१ साली शास्त्रीय नियतकालिकात लिहिला. इतकी वर्षं वर्गात शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसणाऱ्यांना मी खडू मारत आलो. त्यांतले निम्मे पुढे पुढारी झाले. त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही.

आणखी एक माहिती हिला फार आवडली. या माशाची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, काही खात नाही. पुढेही धोका दिसला की पिल्लं आईच्या तोंडात परत शिरतात.

"बघा," ही म्हणाली, "आई ती आई." आणि मग जरा वेळाने, "पण एक दिवस सोडतेच ना हो ती तोंडातून?"

मी पेपर वर धरला.

इथे एक खुलासा केला पाहिजे. चिरंजीवांचं त्या दिवाळीपासून एक टुमणं चाललं होतं. इथलं घर विकायचं आणि आम्ही दोघांनी पुण्याला त्यांच्याकडे राहायला जायचं. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, कोपऱ्यावर दवाखाना आहे. मला जायचं नव्हतं. पण हिचे गुडघे दुखतात, नातवाचा फोटो ती उशाखाली ठेवते. तिला नक्की जायचं असणार, असा माझा हिशोब. 'नाही' म्हणालो तर तिचं मन मोडतं, 'हो' म्हणालो तर माझं. म्हणून मी एक मधला मार्ग काढला. विषय निघाला की दिवाणावर आडवा व्हायचो आणि डोळे मिटायचो. निवृत्त माणसाच्या झोपेवर कुणी शंका घेत नाही. सहा महिने मी या एका प्रश्नावर झोपलेलो होतो.

दरम्यान हेडक्लार्क वीतभर झाला. पेटीत त्याला वळता येईना. हिला त्याची भीतीही वाटायला लागली.

"याला तलावात सोडून या," ही म्हणाली. "सरोवरातला आहे, पाण्यात जाईल. पुण्य लागेल."

मला पटलं. मी बादली घेतली, वर फडकं बांधलं, स्कूटरला अडकवली आणि गावाबाहेरच्या बोडीवर गेलो. उन्हाळा होता, पाणी आटलेलं. पाळीखाली सात-आठ बायका चिखलात वाकून काहीतरी उपटत होत्या. त्यात आमची मासळीवाली मावशी.

"गुरुजी, बादलीत का आनलं जी?"

मी फडकं काढलं. बादलीतल्या प्रवासाने हेडक्लार्क कुशीवर पडला होता. मी सवयीने म्हणालो, "मेला नाही हो."

"नाई जी, झोपला हाये," ती म्हणाली. पिढ्यान्‌पिढ्या ढिवरांच्या घरात माशांशी सोयरीक; जे शास्त्रज्ञाने पाण्यात उतरून पाहिलं, ते तिने बादलीत वाकून सांगितलं. मग बराच वेळ बघत राहिली. "हा आपल्याकडचा नोहे. कोठला?"

"आफ्रिकेचा. इथे सोडायला आणलाय."

तिने कंबरेवर हात ठेवले. इतर बायकाही सरळ झाल्या. चौतीस वर्षांत मी अनेक पोरांना बाकावर उभं केलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला त्या पाळीवर कळलं.

"काहून सोडता जी? आमी इथं का करून राह्यलो, दिसते ना?"

दिसत होतं. त्या बेशरम उपटत होत्या. ती जांभळ्या फुलांची, तलावाच्या काठाकाठाने माजणारी, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत ती वनस्पती. आमच्या भागात ढिवर बायकांनी अशा कितीतरी बोड्यांमधून बेशरम काढली, तळ नांगरून घेतला आणि पाण्यात उगवणाऱ्या गावठी वनस्पती पुन्हा लावल्या. गावठी मासे तिथे अंडी घालतात, पक्षी येतात. मनीष राजनकर यांच्यासारखे अभ्यासक या लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. हे सगळं मी पेपरात वाचलं होतं, आणि वाचून 'स्तुत्य उपक्रम' असं म्हणून पेपर घडी केला होता.

"अहो, पण हा एकटा आहे," मी बाजू मांडली. "नर की मादी, तेही माहीत नाही. एकट्याने काय होणार?"

"गुरुजी, बेशरमीची बी कोनीतरी एकच काडी खोचली असन."

यावर भूगोलाच्या मास्तराकडे उत्तर नव्हतं. बेशरमीची काडी मोडून चिखलात टाकली तरी रुजते, हे मीच सातवीला शिकवायचो.

"पेटीतलं नाई आवडलं त काढून टाकता येते," ती शेवटचं म्हणाली. "बोडीतलं कोन काढन? आमीच ना!"

बादली घेऊन मी परत आलो. घरी येऊन वाचत बसलो, आणि जे वाचलं त्याने कान लाल झाले. आमच्या हेडक्लार्कचा एक भाऊबंद आधीच देशात येऊन राहिलेला आहे. तिलापिया, उजनीकडचे लोक त्याला चिलापी म्हणतात. तोही सिक्लिडच, तोही आफ्रिकेचा, त्याचीही मादी पिल्लं तोंडात वाढवणारी. १९५२ साली त्याला भारतात आणलं, तेही चांगल्याच हेतूने. गरिबाला स्वस्त मासळी मिळावी म्हणून. त्याने पाण्यात पडल्या पडल्या संसार इतका वाढवला, की खाणारी तोंडं फार आणि अंगाने सगळे किडकिडीत. गावठी माशांना जागा उरेना. १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदीचा ठराव झाला. ठराव माशांनी वाचला नाही. आज उजनीच्या जाळ्यात चिलापीच चिलापी. ते लोक ती विकतात, खातात, तिच्यावर पोट भरतात. पण आधी जे मासे होते ते कुठे गेले, असं विचारलं तर जुने कोळी पाण्याकडे बघतात.

सगळे उपद्व्याप 'पुण्य लागेल' म्हणूनच सुरू होतात, असं दिसतं.

हेडक्लार्क पुन्हा बैठकीत आला. त्याला मोठी पेटी आणली. निवृत्तीवेतनात ते एक कलम वाढलं. मावशीला आपण गुरुजींना फार बोललो असं वाटलं असावं. ती दर आठवड्याला पानात बांधून मूठभर झिंगे आणून द्यायला लागली. 'तुमच्या पावन्यासाठी' म्हणते आणि पैसे घेत नाही.

आता शेवटचा प्रवेश. एका दुपारी चिरंजीवांचा फोन आला. विषय तोच असणार हे हिच्या 'हं, हं' वरून ओळखून मी दिवाणावर पडलो आणि डोळे मिटले. समोर पेटीत हेडक्लार्कही आडवा होता. ही बोलायला लागली.

"झोपलेत रे. हो. ... नाही, त्यांना विचारलं नाही. विचारलं की झोपतात. ... माझं काय? खरं सांगू? मला इथेच बरं वाटतं. ओट्यावर तांदूळ निवडायला बसले तर चार बायका येतात. तुझ्याकडे खाली बाग आहे, पण तिथे कोण कुणाला विचारतं? गुडघे काय, तिथेही दुखतीलच. पण त्यांना जायचं असेल तर मी येईन बाबा. जन्मभर जगाचा नकाशा शिकवला त्या माणसाने, आणि स्वतः रायपूरच्या पुढे गेले नाहीत. त्यांना वाटत असेल, जावं कुठेतरी. म्हणून मी गप्प आहे."

मी तसाच पडून होतो. मेलेला मासा योग्य क्षणी झटका देतो. मला ते जमेना. घशात काहीतरी अडकलं होतं. दोन माणसं एकाच घरात, एकाच प्रश्नावर, एकमेकांसाठी सहा महिने झोपून राहिली होती. त्यात ती उभ्याने.

"तू काळजी करू नको," ती फोनवर म्हणत होती. "सुटीत पोराला घेऊन ये. आणि हो, बाबांचं विचारशील तर ते आत्ता जागेच आहेत. खरे झोपले की घोरतात. सोंग घेतात तेव्हा आवाज नसतो. तीस वर्षं ओळखते मी."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकलंत ना सगळं?" ती म्हणाली. "उठा आता. चहा टाकते."

मी उठलो. पुण्याला कळवायचं एक अधिकृत कारण आम्ही चहा पिता पिता तयार केलं : एवढी मोठी पेटी हलवता येत नाही, आणि मासा तलावात सोडता येत नाही. कारण शंभर टक्के खरं आहे. चिरंजीव म्हणाले, 'बाबा, म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.' उन्हाळ्याच्या सुटीत नातू आला आणि महिनाभर पेटीसमोर बसून होता.

आता दुपारी आम्ही दोघेही झोपतो. मी दिवाणावर, हेडक्लार्क खड्यांवर. मी मनमोकळा घोरतो. ही येता-जाता एक टिचकी काचेवर मारते, एक हात माझ्या खांद्यावर ठेवते. काचेवरच्या टिचकीला तो दाद देत नाही.

मी देतो. चहा झालेला असतो.